आधी समेट, मग अर्पण

ख्रिस्ती मंडळीतल्या एकोप्याचा विषय निघाला की यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचा दाखला हमखास दिला जातो: सगळे एकत्र जेवत, जमीनजुमला विकून गरजूंना वाटत. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याच मंडळीतल्या भांडणाचीही नोंद आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांना डावलले जाते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती. प्रेषितांनी ती झटकली नाही, की कुणाला फुटीर ठरवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावून सात माणसे निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे वाटपाचे काम बहुधा तक्रारदारांच्याच माणसांकडे आले. तक्रार ऐकून घेतल्याने आणि अधिकार वाटून दिल्याने एकोपा टिकतो, असे मला यातून ठामपणे वाटते.

श्रद्धा ही ज्याची त्याची बाब, देव आणि भक्त यांच्यात मंडळीचे काय काम, असे अनेक भाविक मनापासून मानतात. एकांतातल्या प्रार्थनेचे मोल येशूनेही सांगितले आहेच. पण डोंगरावरील प्रवचनात तो असेही सांगतो, की अर्पण घेऊन वेदीजवळ आलेल्याला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. इथे पुढाकार दुखावलेल्याने नव्हे, तर ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने घ्यायचा आहे. करिंथच्या मंडळीलाही पौलाने सुनावले, की काही जण आधीच खाऊनपिऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात, तर ते प्रभुभोजन उरतच नाही. माणसांशी तुटलेले नाते घेऊन देवाशी नाते जोडता येत नाही, हा या दोन्हींचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकोप्याच्या नावाखाली दुबळ्यांचेच तोंड बंद केले जाते. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज जातीचा जाच सोसून चर्चमध्ये आले. तिथेही सोयरीक जुळवताना जात पाहिली जात असेल, तर ख्रिस्तात आपण सारे एक, असे ऐकवून त्यांचे दुःख हलके होत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण तो खोट्या एकोप्यावरचा आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसेनासा झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. पेत्राचा मान राखायला तो गप्प बसला असता, तर वरवर शांतता राहिली असती आणि पंगती मात्र वेगळ्या झाल्या असत्या.

मग मतभेद ठेवून एकत्र राहता येते का? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती. त्यांतल्या काही मंडळ्या तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत, तर बॅप्टिस्ट जाणत्या वयातच. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. तरीही मेथॉडिस्टांचा एक मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला, आणि सहांपैकी एक असलेल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ठराव झाला म्हणजे माणसे एक झाली, असे होत नाही. ते काम प्रत्येक गावच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चच्या स्थानिक कारभार समितीत, नव्याने करावे लागते. हिशेब मागणारा, चूक दाखवणारा माणूस पुढच्या रविवारी त्याच बाकावर मानाने बसू शकतो का, यावरून त्या मंडळीचा एकोपा ओळखावा.