उबवणी पेटी आणि मातृधर्म

देवस्थानच्या पत्रिकेत बदकांच्या अंड्यांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपल्या शास्त्रकारांनी जारज, स्वेदज व उद्भिज्ज यांच्या पंक्तीस अंडजांनाही बसविले आहे, आणि पक्षी दोनदा जन्मतो म्हणून त्यास 'द्विज' म्हटले आहे. आज थर्माकोलची पेटी, विजेचा दिवा आणि उष्णता बेताची राखणारे लहानसे यंत्र एवढ्यावर कोणासही घरी पिले काढता येतात. यंत्राने जीव जन्मास आणणे धर्मास धरून आहे काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस विचारार्ह वाटतो.

आईवाचून अंडी उबविणे ही गोष्ट नवी नव्हे. मिसर देशात उकिरड्याच्या उबेत अंडी पुरून पिले काढीत, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे. कोंबडीचे पिलू २१ दिवसांत निघते, बदकाचे २८ दिवसांत. परक्या लेकरांसाठी ती माउली आठवडाभर अधिक बसते. शिवाय, खाकी कँपबेल जातीची बदकी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण सहसा रवणीला बसत नाही. अधिक अंड्यांच्या लोभाने मनुष्याने तिची ही वृत्तीच घालविली. मग जिचे आईपण आपण हिरावले, तिच्या अंड्यांना ऊब देणे हा अधर्म कसा ठरेल? ती तर परतफेड होय.

मात्र ऊब म्हणजे आईपण नव्हे. कुलार्णव तंत्रात स्पर्शदीक्षेस पंखांच्या उबेने पिले वाढविणाऱ्या पक्ष्याची उपमा दिली आहे. तेथे ऊब आणि वाढविणे ही दोन्ही एकाच ठायी आहेत. पेटीत मात्र ती वेगळी होतात. साडेसदतीस अंश उष्णता यंत्र राखील, हवेत ओलावा पाण्याची वाटी राखील. पण दिवसातून अनेकदा अंडी फिरविणे, वीज गेली तर रात्री उठून पेटी पांघरुणात गुंडाळणे, हे कोणी करावयाचे?

कवच टोचल्यावर पिलास बाहेर येण्यास दिवस-दीड दिवस सहज लागतो. त्या वेळी घाईने कवच सोलणाऱ्याच्या हातून रक्तस्राव होऊन पिलू दगावते. तेथे दया म्हणजे हात आवरणे होय. पुढे पिलू प्रथम जे हलताना पाहील त्यासच आई समजून त्याच्या मागे धावते. कोनराड लोरेन्झ यांनी हंसपिलांवर हेच अभ्यासिले. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आईवाचून वाढणारे कोवळे पिलू पाण्यात भिजून गारठते, म्हणून त्यास पोहावयासही जपूनच सोडावे लागते. आणि निघालेल्या पिलांत साधारण निम्मे नर असतात; ते अंडी देत नाहीत, म्हणून कोणास नको असतात.

खरी कसोटी येथे आहे. अठ्ठावीस दिवस कौतुकाने पेटीत डोकावणारा एकोणतिसाव्या दिवशी कोठे असतो, यावर त्याचे पाप-पुण्य ठरते. ज्यास सर्व पिलांना, नरांसकट, अन्न, पाणी व निवारा देता येणार नाही, त्याने अंडी पेटीत ठेवूच नयेत. न उबविलेल्या अंड्याचा दोष लागत नाही; जन्मास घालून टाकून दिलेल्या जिवाचा मात्र लागतो. जन्म देणारा हात यंत्राचा असला, तरी ऋण मनुष्याचेच राहते, असे आमचे मत आहे.