मुरण्याचे मोल

'मुरणे' हे मराठीतले मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो. आणि कसलेल्या माणसालाही आपण 'मुरलेला' म्हणतो. बरणीला एकदा दादरा बांधला की आपल्या हाती काय उरते? थांबणे. हे थांबणे सद्गुण आहे काय, आणि असल्यास तो कोणाचा, असा एक प्रश्न येथे विचारायचा आहे. त्यासाठी उदाहरण मात्र मी माजघरातले न घेता दूरच्या स्पेनमधले, आणि तेही मद्याचे घेणार आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडली, तर ती रास्तच आहे. दारूने मोडलेले संसार आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण येथे प्यायचे कोणालाच नाही. पिंपाकडे फक्त पाहायचे आहे.

उत्तर स्पेनमधील रिओहा प्रांतात एब्रो नदीकाठी आरो नावाचे लहानसे गाव आहे. १८६३ मध्ये तेथे आगगाडी आली. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा नावाची कीड पडली. वेलींची मुळेच ती शोषून घेई. मळे उजाड झाले आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज ओलांडून आरोच्या स्टेशनाभोवती गोळा होऊ लागले. याच धामधुमीत, १८७७ साली, राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी तेथे आपली पेढी घातली. काही वर्षांनी ती कीड रिओहातही उतरली, आणि आले तसे व्यापारी परतले. पण या गृहस्थाने गाव सोडले नाही. १९१३-१४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने नदीच्या वळणावर 'तोंदोनिया' नावाचा शंभर हेक्टरांहून मोठा मळा लावला. आज तेथे त्याच घराण्याची चौथी पिढी काम पाहते.

या मळ्याची लाल वाइन मुख्यतः तेंप्रानियो जातीच्या द्राक्षांची. रस आंबला की ती ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत भरतात, आणि मग सुमारे सहा वर्षे ती तळघरात पडून राहते. मधूनमधून गाळ खाली ठेवून ती एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, शेवटी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने नितळ करायची, बाटल्यांत भरायची आणि पुन्हा थांबायचे. रिओहाचा नियम असा की 'ग्रान रेसेर्वा' म्हणवणारी लाल वाइन किमान पाच वर्षे मुरलेली असावी आणि त्यांतली दोन वर्षे तरी ओकच्या पिंपात गेलेली असावीत. ही पेढी तेवढ्यावर थांबत नाही. चांगल्या हंगामाचीच ग्रान रेसेर्वा ती करते, आणि अशी वाइन कधी कधी वीस वर्षांनी बाजारात येते. तळघरातली कोळिष्टकेही कोणी झाडत नाही. बाटल्यांची बुचे पोखरणारे पतंग कोळी खातात, म्हणून त्यांनाही तेथे आसरा आहे.

लाकूड करते तरी काय? त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून किंचित हवा आत जाते. तिने वाइनचा उग्र तुरटपणा मऊ होतो आणि जांभळट रंग विटकरी होत जातो. त्याच वाटेने थोडी वाइन दरवर्षी उडूनही जाते. फ्रेंच लोक तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. थांबण्याची किंमत अशी पिंपातच मोजून घेतली जाते.

आता बुद्धिवादी विचारील की एवढी यातायात कशासाठी? पोलादी टाकीत ओकचे तुकडे टाकले तर लाकडाचा वास थोड्या काळात उतरतो. युरोपीय संघाने २००६ मध्ये या रीतीला मुभाही दिली आहे. जिभेला फरक कळला नाही, तर सहा वर्षे फुकट गेली असे का म्हणू नये? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्याला स्वस्तात चव हवी, त्याला ती देणे हे काही पाप नव्हे. पाप होते ते तुकड्यांची वाइन पिंपातली म्हणून विकली तर. थोडक्यात, घाई अनैतिक नाही; घाईने थांबण्याचे सोंग आणणे अनैतिक आहे. शिक्षणात, लेखनात, साधुत्वातही हे सोंग आपल्याला रोज भेटते.

तर मग थांबणे निदान श्रेष्ठ तरी खरे काय? येथे मला दुसरी शंका येते. थांबायला ऐपत लागते. ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो माल तळघरात ठेवू शकतो. नाशिक-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला तयार घड वेलीवर ठेवून भावाची वाट पाहता येत नाही. घड त्याच्यासाठी थांबत नाहीत आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही. त्याला 'धीर धर' म्हणणे सोपे आहे. ज्यांचे पोट भरलेले असते, त्यांच्याच तोंडी सबुरीची स्तोत्रे अधिक शोभतात, असा जगाचा अनुभव आहे.

म्हणून मला वाटते, थांबणे आणि थांबवणे यांत भेद केला पाहिजे. मालक आपला माल वीस वर्षे थांबवतो तेव्हा तो स्वतः थांबतो. गुंतलेला पैसा त्याचा, उडून जाणारा वाटाही त्याचाच. परंतु पिंप घडवणाऱ्या कारागिराला त्याने 'वाइन विकली की दाम देईन' असे म्हटले, तर तोच सद्गुण त्या क्षणी जुलूम होईल. मजुरी पिंपात ठेवता येत नाही. ती मुरत नाही, नासते. न्याय लांबवणारी कचेरी, पगार लांबवणारा धनी, सुनेला 'होईल हळूहळू' म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसवणारे घर, ही सारी दुसऱ्याच्या आयुष्यावर आपला धीर मुरवीत असतात.

आणि जे स्वतः थांबतात, त्यांना तरी फळ मिळतेच काय? फ्रान्सच्या कोल्बेर नावाच्या मंत्र्याने १६६९ मध्ये जंगलांविषयी कडक कायदा केला. उद्याच्या आरमाराला ओकचे लाकूड मिळावे, हा त्यातला एक मोठा हेतू. ओक जहाजाजोगा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. ती झाडे भरात आली आणि पुढे जहाजेच लोखंडाची झाली! आज तेथल्या जंगलांतला ओक वाइनच्या पिंपांना जातो. हेतू फसला, पण राखलेले जंगल फसले नाही. लावणाऱ्याचा हिशेब आणि घेणाऱ्याची गरज यांचा मेळ क्वचितच बसतो. तरीही लावलेले कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडते.

सद्गुण म्हणावे असे थांबणे मला येथे दिसते. झीज आपण सोसायची, हक्काचे दाम मात्र ज्याचे त्याला आजच द्यायचे, आणि फळ कोणाच्या ओंजळीत पडेल याची अट घालायची नाही. या कसोटीला उतरणारी माणसे तळघरांच्या मालकांत असतील, तशीच ती आपल्या आळीतही आहेत. नातवंडांसाठी परसात आंबा लावणारी आजी त्यांपैकीच एक. तिला वाइनचे नाव ठाऊक नसते, पण मुरण्याचे मोल ती पुरते जाणून असते.