दुसऱ्यांदा आलेला दूत

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८



एलीया संदेष्टा जगण्याची आशा सोडून रतामाच्या झुडपाखाली निजला होता. या अध्यायातील एक इब्री शब्द लक्षात घेण्याजोगा आहे : 'मलाख', म्हणजे निरोप्या. ईजबेल राणीने ज्याच्या हाती धमकी पाठवली तो मलाख, आणि ज्याने भाकर व पाणी आणले तोही मलाखच. मराठीत आपण एकाला जासूद व दुसऱ्याला देवदूत म्हणतो; मूळ भाषेत मात्र त्यांनी काय आणले यावरून भेद कळतो.

गुरुग्रामच्या रस्त्यांवर आज असे निरोपे रात्रंदिवस धावतात. टाटा वन-एमजी या ऑनलाइन औषधविक्री करणाऱ्या कंपनीचे मुख्यालय याच नगरात आहे. खासगी डॉक्टरांकडील क्षयरुग्णांना शासनाची मोफत औषधे ऑनलाइन विक्रेत्यांच्या साहाय्याने घरपोच देण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. त्यापूर्वी, २०१४ पासून, मुंबईत अशा रुग्णांना व्हाउचरवर औषधदुकानातून मोफत गोळ्या मिळू लागल्या होत्या. रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहावे लागणाऱ्यास घरी आलेले औषध ही केवढी सोय!

परंतु औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचारही सामान्यतः सहा महिने चालतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. काही आठवड्यांत खोकला उतरतो आणि रुग्णास वाटते, मी बरा झालो. गोळ्या मध्येच सुटल्या तर रोग उलटू शकतो, औषधांना जुमानेनासाही होऊ शकतो.

एलीयाही एकदा खाऊन पुन्हा निजला. दूताने त्याला दोष दिला नाही. तो दुसऱ्यांदा आला, कारण होरेबाची वाट चाळीस दिवसांची होती. आणि दोन्ही वेळा त्याने एलीयाला स्पर्श केला.

पुडके दारी पोहोचवणे कंपनीस साधते. पण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते लपवून ठेवणाऱ्याची भीती पुडक्याने जात नाही. क्षयरोग हवेतून पसरतो. हात हाती घेतल्याने किंवा ताटवाटीतून नव्हे. तरीही विश्वासणाऱ्यांच्या घरांत रुग्णाचा पेला वेगळा ठेवला जातो. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हे आपण विसरतो काय?

आपल्या मंडळीत असा कोणी असेल तर एका भेटीने कर्तव्य संपले असे समजू नका. तिसऱ्या महिन्यात जा, पाचव्या महिन्यात जा. त्याच्या पंक्तीस बसा, त्याचा हात हाती घ्या. पहिली भाकर पोहोचली आहे. दुसऱ्यांदा येणारा दूत तुम्ही व्हा. आमेन.