शजरा, दफ्तर आणि कबर

मराठवाड्यातल्या उर्दू शिक्षकाला शाळेव्यतिरिक्त एक बिनपगारी काम असते, ते म्हणजे जुने कागद वाचून देण्याचे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार १८८४ पर्यंत फारसीत चाले, पुढे तो उर्दूत आला आणि १९४८ नंतर उर्दूही गेली. भाषा गेली तरी कागद राहिले. खासरा, सेतवार, पहाणी पत्रक, कोर्टाचे फैसले घेऊन लोक येतात. त्यांत पाटील असतात, धनगर असतात, आपली माणसे असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. पाटलांना त्या कागदातून एकच शब्द हवा असतो. आपल्या माणसाचे मागणे वेगळे. ‘सर, आमचं मूळ कुठलं निघतंय ते जरा बघा.’ मूळ म्हणजे अरबस्तान, इराण, फार तर बुखारा. कागदातून मात्र निघतो ज्वारी-कापूस पिकवणारा, सारा भरणारा आणि कधी तो थकवणारा एक साधा शेतकरी.

त्या शेतकऱ्याचे आपण काय करतो, हा मला पडलेला प्रश्न आहे. तो मरून शंभर-सव्वाशे वर्षे झाली. त्याच्याबद्दल खरे बोलल्याने त्याला लाभ नाही, खोटे बोलल्याने तोटा नाही. मग त्याच्याबद्दल खरे बोलण्याचे बंधन आपल्यावर आहे ते कशासाठी?

उदाहरण घरचेच घेतो. आमच्या घरी एक शजरा आहे. दादाजानच्या थोरल्या भावाने तो एका कातिबाकडून सुबक नस्तालीकमध्ये लिहून घेतला आणि काचेत बसवला. त्यात आमचे घराणे खुलताबादच्या एका बुजुर्गापर्यंत जाऊन पोहोचते. खुलताबादचे ते सुफी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दौलताबादला आले, ही इतिहासाला माहीत असलेली गोष्ट. दुसरीकडे महसुली कागदांवरून माझ्या घराण्याचा माग मी काढला, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेल्या एका शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे थांबतो. आता हिशेब करा. तो शेतकरी आणि तो बुजुर्ग यांच्यामध्ये सुमारे पाचशे वर्षे आहेत. शजऱ्यात या पाचशे वर्षांसाठी नावे आहेत नऊ. म्हणजे प्रत्येक पूर्वजाला पंचावन्नाव्या वर्षी मुलगा झाला आणि तोच वंश पुढे चालला, असे नऊ वेळा ओळीने घडले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात पिढी पंचवीस-तीस वर्षांनी बदलते. निदान सतरा-अठरा नावे हवीत. मी गणिताचा शिक्षक नाही, पण एवढा भागाकार आमच्या सहावीच्या मुलांनाही येतो.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची असती तर लिहिली नसती. कोकणात बंदरावर उतरलेले अरब, दख्खनमध्ये फौजेबरोबर आलेले तुर्क आणि पठाण, हे सगळे खरेच आले. त्यांचे वंशजही आहेत. पण फौजेबरोबर जेवढे आले त्याच्या कितीतरी पट घराण्यांना आपण त्यांच्यापासून निघालो असे वाटते. इथल्याच मातीतल्या कुणब्याने, विणकराने, पिंजाऱ्याने दीन स्वीकारला, हे सांगताना आपली जीभ अडखळते. माणूस माणसाहून वंशाने श्रेष्ठ नाही, हे आपण दर जुम्म्याला ऐकतो आणि लग्नाची बोलणी करताना विसरतो. सूरह तकासुरबद्दल तफसीरकार एक प्रसंग सांगतात. दोन कबिल्यांनी आपापली माणसे मोजून बढाई मारली, आणि जिवंत माणसे कमी पडली तेव्हा कबरस्तानात जाऊन मेलेलीही मोजली. शिरगणती आणि कबरी यांचा इतका जुना संबंध दुसरा मला माहीत नाही.

आता खरी शिरगणती पाहू. हिंदुस्थानभर एकाच रात्री झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ची. हैदराबाद संस्थानातही तेव्हाच पहिल्यांदा माणसे मोजली गेली आणि ती ९८ लाखांवर भरली. त्याच वर्षी ३ एप्रिलला इंग्लंडमध्येही शिरगणती झाली. तिथले तक्ते आजही आहेत. नांगरट करणारा मजूर असो की शेतमालक, त्याचे नाव, वय, धंदा, कुटुंबप्रमुखाशी नाते, जन्मगाव, सगळे त्यात सापडते. शेतमालक असेल तर किती एकर जमीन आणि किती मजूर, हेसुद्धा. चर्चमधल्या दफनाच्या वह्या तर १८१३ पासून छापील नमुन्यात आहेत, त्यात मेलेल्याचे नाव, राहते ठिकाण, वय आणि दफनाची तारीख असते. त्यामुळे तिकडचा नातू खुर्चीवर बसून खापरपणजोबांच्या कबरीपर्यंत जाऊ शकतो. आयर्लंडच्या नातवाला ते जमत नाही. तिथले १८६१ ते १८९१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले आणि त्याआधीचे बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनला जळाले. आपल्याकडे नावे विचारली गेली, लिहिली गेली, त्यांची बेरीज झाली आणि बेरजेनंतर तक्ते ठेवले गेले नाहीत. राज्यकर्त्यांना आपली संख्या हवी होती. संख्या मिळाल्यावर नावांचे काम संपले.

हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये १ कोटी १५ लाख होती, १९०१ मध्ये ती १ कोटी ११ लाख झाली. दहा वर्षांत वाढायची ती सुमारे चार लाखांनी घटली. मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ होता. कोण उपासमारीने गेले, कोण पटकीने, कोण गाव सोडून वाटेत, ते त्या वजाबाकीत कुठेच नाही. माझा तो शेतकरी कदाचित त्याच वजाबाकीत आहे. कारण पुढच्या कागदात त्याच्या जागी त्याच्या मुलाचे नाव येते, ‘वल्द’ लावून. हे ‘वल्द’ मुसलमानापुरते नव्हते, मारुती आणि खंडू यांच्यामध्येही तेच असायचे. पलीकडच्या इंग्रजी मुलखातल्या मराठी कागदांत कुणब्याच्या नावातही अरबी ‘बिन’ असे. बाप-लेकाचे नाते सांगायला सगळ्या शिवाराला एकच शब्द पुरत होता.

कबरीने तरी सांगावे, तर तीही गप्प. आपल्यात कबर कच्ची ठेवण्याची ताकीद आहे. उशाशी एक दगड, पायथ्याशी एक. चार पावसाळ्यांत माती बसते, आणि जागा अपुरी पडली की काही वर्षांनी तिथेच दुसरा माणूस विसावतो. पक्क्या कबरी आहेत, पण त्या पिराच्या, जागीरदाराच्या. जमीन ज्याची होती त्याच्यावर दगड आहे, जमीन ज्याने कसली तो जमिनीत मिसळला. मला यात वाईट वाटत नाही. कबरस्तानात शिरताना आपण सलाम करतो तो सगळ्या कबरवाल्यांना मिळून, नावे न घेता. तिथे पूर्वजाला ओळख दाखवावी लागत नाही.

पण कबरीला नाव लागत नाही म्हणून त्या जागी आपण हवे ते नाव लिहावे, असा त्याचा अर्थ होत नाही. इथे आपल्याच परंपरेतली एक गोष्ट मला आधार देते. हदीस जमवणाऱ्यांनी अस्मा-उर-रिजाल नावाचे अख्खे शास्त्र उभे केले. कोणी कोणाकडून ऐकले, तो कधी जन्मला, कधी वारला, दोघांची भेट शक्य होती का, हे हजारो माणसांबद्दल तपासले. साखळीत कडी तुटली असेल तर ‘मुनकते’ म्हणून नोंदवले. रावी कोण ते कळत नसेल तर ‘मजहूल’ लिहिले. एखादी रिवायत मनाला कितीही भावली तरी तुटलेली कडी पदरचे नाव घालून जोडणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. आणि जो जाणूनबुजून आपल्या बापाऐवजी दुसऱ्याला बाप म्हणवतो त्याच्याबद्दल हदीसमध्ये किती कठोर इशारा आहे, ते वाचकांना माहीत आहे. जे शास्त्र आपण दीनसाठी वापरले, ते घरातल्या शजऱ्याला लावायला आपण का कचरतो?

माझे उत्तर असे. खोटा पूर्वज बसवायचा तर खऱ्या पूर्वजाला उठवावे लागते. आमच्या शजऱ्यातल्या त्या नऊ नावांनी बुजुर्गाच्या सन्मानात काडीची भर घातली नाही, पण सतरा-अठरा शेतकरी मात्र जागेवरून उठवले. त्यांनी नांगरले, कर्ज काढले, लेकरे जगवली, म्हणून आपण आहोत. सरकारने त्यांना आकड्यात बुडवले, ते परक्याचे काम होते. त्यांच्याच रक्ताच्या माणसांनी त्यांची लाज वाटून त्यांना पुसले, याची तक्रार ते कोणाकडे करणार?

गंमत अशी की आता कागदाचा वारा उलट दिशेने वाहतो आहे. १९९४ च्या शासन निर्णयानंतर मुस्लिम ओबीसींना सवलती मिळू लागल्या, आणि त्यासाठी ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांनी शाळेत मोठ्या हौसेने ‘शेख’ लिहवले, नातीला ‘पिंजारी’ हवे आहे. दफ्तरात जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. मग जो शब्द तीन पिढ्या झाकला, तोच शोधत माणसे माझ्याकडे येतात. मी त्यांना हसत नाही. नातीचा हक्क खरा आहे. पण पूर्वज काल मिरवायला हवा होता, आज दाखल्याला हवा आहे, आणि दोन्ही वेळा तो स्वतः कोण होता हे कोणी विचारत नाही, एवढे मला खटकते.

कागदाची भीतीही अशीच उलटली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरले. ज्याचे नाव कागदावर, त्याची जमीन गेली, हे त्यांना पाठ होते. कागदावर नसणे हीच तेव्हा सुटका होती. ३१ ऑगस्ट २०१९ ला आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, सुमारे १९ लाख माणसे बाहेर राहिली. त्यांना १९७१ च्या २४ मार्चपर्यंतचा बाप-आजोबा कागदावर दाखवायचा होता. बायकांचे हाल अधिक झाले, कारण माहेरच्या बापाशी नाते सांगणारा कागदच त्यांच्याकडे नव्हता. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेतही दाखल्यासाठी रांग लागली. जनरल रजिस्टर उघडून पाहावे तर वडीलधाऱ्यांतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले. जुन्या गुरुजींना प्रवेश उरकायचा होता. गावच्या दफ्तरात तरी याहून वेगळे काय असणार?

बायकांचे आणखी सांगतो. तेव्हाच्या शिरगणतीत घरधन्याने बाईचे नाव सांगायला हरकत घेतली तर नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा होती. शजऱ्यात तर हरकतीचाही प्रश्न नाही, तिथे बाई नाहीच. बाप बापाला जन्म देत आला आहे. माझ्या चौथ्या पिढीतल्या शेतकऱ्याची बायको कोण, कुठल्या गावची, कागदात नाही. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाड्यात जे घडले, पंडित सुंदरलाल समितीने ज्यात संस्थानभर मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, त्यात घरेच्या घरे उठली. सांगणाऱ्या म्हाताऱ्याही त्यांतच गेल्या. दफन कुठे झाले हेच अनेकांच्या घरी माहीत नाही, मग नोंद कुठली?

मी नवा शजरा लिहिला. वर चौथे नाव, त्यावर ‘मजहूल’. बायकांसाठी चौकोन ठेवले, बहुतेक कोरे. बडे अब्बांना तो दाखवला तेव्हा ते भडकले. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. ‘अठ्ठेचाळीसच्या नंतर आपल्याकडे जमीन नव्हती, नोकरी नव्हती. भिंतीवरचा तो एक कागद होता. माझ्या बापाने त्याच्याकडे बघून मान ताठ ठेवली. तू भागाकार करून तो उतरवणार?’ ज्याचे सगळे गेले त्याच्या हातून शेवटची बढाईही काढून घ्यायची का, याचे उत्तर सोपे नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, ‘बडे अब्बा, आप के अब्बा की गर्दन उस कागद से नहीं, अपनी मेहनत से सीधी थी.’ ते काही बोलले नाहीत. जुना शजरा अजून भिंतीवर आहे, मी तो काढलेला नाही.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी स्वतःहून बोलावले. शेताच्या पूर्वेला बुजलेली विहीर आहे, कागदात ती ‘चाह’ म्हणून येते, एवढे मला ठाऊक होते. बडे अब्बा म्हणाले, ती विहीर त्या चौथ्या नावाच्या माणसाच्या बायकोने दागिने मोडून खणवली, असे त्यांची दादी सांगायची. नाव आठवत नाही. ती पैठणकडची होती आणि तिला सगळे ‘पैठणवाली’ म्हणत. मी चौकोनात ‘पैठणवाली’ लिहिले, खाली विहिरीची हकीकत लिहिली, आणि रावी म्हणून बडे अब्बांचे नाव, त्यांच्या वर त्यांच्या दादीचे. दादीचे नाव विचारले तर तेही त्यांना आठवेना. त्यांच्या धाकट्या बहिणीला, औरंगाबादच्या फुफींना, ते माहीत असेल. या सुट्टीत जाऊन विचारायचे आहे.