अरुणच्या ओठांवर गाणं नाही

जुन्या हिंदी चित्रपटांची झडती घेण्याचे हे दिवस आहेत आणि त्यात बासू चॅटर्जींचा ‘छोटी सी बात’ही सापडला आहे. आरोप असा, की बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या मुलीच्या मागे तिच्या ऑफिसपर्यंत जाणारा नायक अरुण पाठलागच करतो. अमोल पालेकरांचा चेहरा गरीब म्हणून आपण त्याला सोडून देतो. दुसरीकडे ‘काय साधी माणसं होती’ म्हणत डोळे पुसणारे आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यासारखं काही नाही. आरोपाला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागची चीड खरी आहे.

अरुण त्या मुलीच्या, प्रभाच्या मागे जातो, हे कबूल. पण आरोप करणारे हा चित्रपट नुसता पाहतात, ऐकत नाहीत. हिंदी चित्रपटात पाठलागाला परवाना दिला तो गाण्याने. पन्नास-साठच्या दशकांत मुलीची वाट अडवणारा नायक गाऊ लागला, की तीच छेडछाड प्रणय ठरायची. दोन कडव्यांत तिचा राग मावळायचा. तिचा होकार कथेने कमावलेला नसे. संगीतकाराने तो परस्पर वसूल करून दिलेला असे.

अरुणला हे हत्यार मिळतच नाही. रस्त्यात, बसमध्ये तो प्रभासाठी एक ओळही गात नाही. ओठ हलवून गायलेलं जे गाणं आहे, ते आधी चित्रपटातल्या चित्रपटात धर्मेंद्र आणि हेमामालिनी गातात. ते पाहता पाहता अरुण त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला बघू लागतो. चेहरे बदलतात, येसुदास आणि आशा भोसले यांचे आवाज तेच राहतात. मघाशी धर्मेंद्रच्या तोंडी असलेला आवाज पालेकरांना उसना मिळतो, तोही दिवास्वप्न टिकेल तेवढाच वेळ. गाऊन मुलगी मिळते ती पडद्यावर, हे अरुणला आणि आपल्यालाही इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रणयपट मला तरी आठवत नाही.

बाकीची गाणी पात्रांच्या पाठीमागे वाजतात. बासूदांची ही रीत ‘रजनीगंधा’तही (१९७४) होती. संगीतकार सलील चौधरी, गीतकार योगेश आणि विद्या सिन्हा-पालेकर ही जोडी, सगळे तेच. तिथे टॅक्सीत बसलेल्या नायिकेची, दीपाची घालमेल चक्क मुकेश यांच्या आवाजात ऐकू येते आणि त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बाईच्या मनाला पुरुषाचा आवाज, आणि तरी ते खटकत नाही. गाणं एकदा ओठांवरून सुटलं की ते कुणी कुणाला ऐकवायचं उरत नाही. ओठांवरचं गाणं समोरच्याकडे काही मागतं. पाठीमागचं गाणं मागत नाही. माझा सगळा मुद्दा एवढ्या एका भेदावर उभा आहे.

आता ‘छोटी सी बात’मधलं लता मंगेशकरांचं गाणं ऐका. प्रभाला जिंकायचं कसं, हे एका कर्नलकडून शिकायला अरुण खंडाळ्याला निघून गेला आहे. प्रभा बसस्टॉपवर येते, तिची नजर त्याला शोधते, तो नाही. विद्या सिन्हांचे ओठ मिटलेले आहेत. आपल्याला याची आठवण का येते, हे तिचं तिलाच नीट उलगडत नाही. सलीलदांची चालही तशीच, सरळ न जाता वळणं घेत पुढे सरकणारी. अरुणची नजर तिच्यावर नसताना ती त्याच्याबद्दल विचार करते आहे.

यावर कोणी म्हणेल, की हेही पुरुष दिग्दर्शकाने तिच्या मनात घातलेलं. मग तिचे संवादही त्यानेच घातलेले. त्या न्यायाने कुठल्याच नायिकेचं काहीच ऐकायला नको. प्रश्न इतकाच, की तिला एकटीने विचार करायला चित्रपट जागा देतो का. हा देतो, आणि भरपूर देतो.

खंडाळ्याच्या कर्नलची शिकवणी मात्र मला खुपते. अशोककुमारांनी ती कितीही लाघवीपणे दिली तरी ते बाईला जिंकायचे डावपेचच. आक्षेप तिथे घेतला असता तर मी तो बराचसा मान्य केला असता. तरीही चित्रपटाचा क्रम विसरू नये. प्रभा त्या गाण्यात अरुणची वाट पाहते तेव्हा तो अजून खंडाळ्यातच आहे आणि कर्नलचा एकही धडा त्याने तिच्यावर वापरलेला नाही.