निंबाची तार

पाडव्याच्या सकाळी गुढीसाठी डहाळी आणायला चिऊ परसातल्या कडुनिंबाकडे गेली. शेजारच्यांच्या निंबावर तांबूस पालवी दाटली होती. यांच्या निंबाच्या शेंड्याला मात्र नुसत्या काड्या.

"आबा, आपला निंब आजारी आहे का?"

आबा झाडाखाली आले. खोडाला कपडे वाळत घालायची तार गुंडाळलेली होती. चिऊ जन्मली तेव्हा तिची दुपटी वाळवायला आबांनीच ती बांधली होती.

"तेव्हा कुठपर्यंत होती तार?"

"माझ्या खांद्याला."

"आताही खांद्यालाच! झाड एवढं उंच झालं, मग तार वर का नाही गेली?"

"तू अंगभर वाढतेस, बाळा. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोड जागच्या जागी जाड होतं. सालीच्या आत लाकडाचा थरावर थर चढतो."

"थर चढले, पण तार तेवढीच राहिली," चिऊ हळूच म्हणाली. तारेच्या वर खोड फुगलेलं होतं, खाली बारीक. एका बाजूला तर लाकडानं तार गिळलीच होती.

मुळं पाणी शोषतात, ते लाकडातून वर चढतं. पानं उन्हात अन्न रांधतात. ते मात्र सालीच्या आतल्या पातळ थरातून खाली उतरतं. तारेनं नेमकी तीच वाट आवळली होती. अन्न वरच अडलं, मुळं उपाशी राहिली, आणि उपाशी मुळं शेंड्याला पाणी कुठून पुरवणार? आबा दोन उन्हाळे बुंध्याशी बादल्या ओतत होते. दुखणं खांद्याच्या उंचीवर, रोज कपडे वाळत घालताना डोळ्यांसमोर होतं.

"मीच बांधली गं ही," आबा पुटपुटले.

चिऊनं धावत जाऊन पक्कड आणली. बाहेर दिसत होती तेवढी तार आबांनी तोडून काढली. रुतलेला तुकडा ती उपटायला गेली, तसा त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. ओढलीस तर साल सोलून निघेल."

त्या वर्षी गुढीला डहाळी शेजारून आली. दुपारी आबांनी परसात दोन बांबू पुरून त्यांना दोरी ताणली.

शाळेतून आली की चिऊ निंबाच्या खाचेत बोट घालून बघते. पाडव्याला पहिलं पेर पुरतं आत जात होतं. पावसाळा सरत आला, आता किंचित कमी जातं, असं तिचं म्हणणं. आबा चष्मा लावून, वाकून पाहतात.