सीझर मेला, खुर्ची तशीच

शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' कॉलेजात शिकवतात. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आला की सरांच्या अंगात येतं. रोमचा चौक, सीझरचं प्रेत, अँटनीचं भाषण. शेवटी निष्कर्ष ठरलेला : जमाव चंचल असतो. आपली पोरंही ते वहीत उतरवून घेतात अन् पेपरात लिहून मार्क मिळवतात.

मित्रांनो, हा जमाव म्हणजे कोण? नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात तो भेटतो. एक सुतार, एक चांभार. धंद्याची हत्यारं न घेता रस्त्यावर आलात कसे, म्हणून अधिकारी त्यांना दरडावतात. म्हणजे ही आपलीच माणसं. तेव्हा तो चौकातला प्रवेश आपण आपल्या डोळ्यांनी पुन्हा वाचला पाहिजे.

अँटनीच्या भाषणानं नाटक फिरतं असं सगळे म्हणतात. मला वाटतं, अँटनीनं तोंड उघडायच्या आधीच ते फिरलेलं आहे. आधी ब्रूटस बोलतो. थोडकं, सरळ गद्यात. सीझर राहिला असता तर तुम्ही गुलाम झाला असता, म्हणून त्याला मारला, असं सांगतो. लोकांना पटतं. अन् पटल्याबरोबर एक जण ओरडतो की आता ह्यालाच सीझर करून टाका. खलास! ज्या गोष्टीपायी खून पाडला, तीच गोष्ट लोक त्याला बक्षीस द्यायला निघालेत. ब्रूटस त्या माणसाला काही विचारत नाही. अँटनीचं ऐकून जा, एवढं सांगून तो एकटा निघून जातो.

पुढचं काम अँटनीला सोपं आहे. तो सुऱ्यांनी फाटलेला झगा दाखवतो. मृत्युपत्र वाचतो : प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा. घरं जाळायला लोक धावतात. लगेचच्या प्रवेशात सिना नावाचा कवी त्यांच्या तावडीत सापडतो. कटवाल्यांतही एक सिना होता. मी तो नव्हे, मी कवी, असं हा सांगतो. पण नाव तेच आहे, तेवढं पुरतं. नाव विचारून माणसाचा फैसला करणं आपल्याला नवं नाही. या वेळी विचारणारे मात्र आपल्यातले आहेत. हे झोंबतं. झोंबलंच पाहिजे.

आणि ते ७५ द्राख्मा? चौथ्या अंकाच्या सुरुवातीलाच अँटनी मृत्युपत्र मागवतो. कशासाठी, तर त्यातला खर्च कुठं कापता येईल ते बघायला!

मग चूक कोणाची? ब्रूटस लबाड नव्हता. पण त्याचा कट रात्रीच्या अंधारात, त्याच्या बागेत शिजला. तिथं एकही चांभार नव्हता, सुतार नव्हता. लोकांचं स्वातंत्र्य लोकांना न विचारता ठरलं आणि चौकात त्यांना नुसता निकाल ऐकवला. ज्याला जन्मात कुणी विचारलं नाही, तो मालक बदलण्यापलीकडं काय मागणार? याला चंचलपणा म्हणू नका. ही लावलेली सवय आहे. पण सवय दुसऱ्यानं लावली म्हणून सिनाच्या रक्तातून आपले हात सुटत नाहीत. ती मोडायची जबाबदारी आपलीच.

२० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सगळ्यांच्या वतीनं एकट्यानं पाणी पिऊन निकाल जाहीर केला नाही. लोक त्यांच्याबरोबर चवदार तळ्यापर्यंत चालत गेले, स्वतःच्या ओंजळीनं प्याले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच बजावलं की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते.

म्हणून सांगतो. आपल्या सभेत कुणी चांगलं बोललं आणि खालून आवाज आला की आता ह्यालाच मोठा करा, तर बोलणाऱ्यानं ब्रूटससारखं निघून जाऊ नये. स्टेजवरून उतरावं. त्या माणसाजवळ बसावं. विचारावं, बाबा, तुला खुर्चीवर दुसरा माणूस पाहिजे, का ती खुर्चीच नको? बोलता बोलता रात्र गेली तरी चालेल.